एक पडदा, दोन कामं : खेळ आणि फोटो यांसाठी रुंद मॉनिटर कसा निवडावा

आजचा विषय साधा वाटेल, पण मालवण, देवबाग, तारकर्ली या पट्ट्यात तो घरोघरी येऊन ठेपला आहे. मोसमात पर्यटक येतात, पाण्याखालचे फोटो काढून घेतात, त्यातच लग्नसराई असते. ऑक्टोबर ते मे या काळात फोटोचं काम डोक्यावर असतं. मग पाऊस सुरू होतो, समुद्रातले खेळ बंद होतात आणि घरातल्या त्याच संगणकावर दुसरे खेळ सुरू होतात. थोरली बहीण अल्बम करते, धाकटा भाऊ गेम खेळतो. दोघांना मिळून एकच मॉनिटर घ्यायचा आहे आणि तो पुढची पाच-सात वर्षं चालायला हवा. पैसे एकदाच खर्च होणार आहेत. म्हणून आपण आज जाहिरातीतले शब्द बाजूला ठेवू आणि प्रत्येक आकड्याचा आपल्या कामाशी काय संबंध आहे, ते पाहू.

रुंद म्हणजे नेमकं किती?

नेहमीचा मॉनिटर १६:९ या प्रमाणात असतो. रुंद मॉनिटर साधारण २१:९ असतो. आता एक गंमत बघा. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. त्यामुळे ३४ इंच हा आकडा २७ इंचांपेक्षा खूप मोठा वाटतो. पण मोजपट्टी लावली तर २७ इंची साध्या मॉनिटरची उंची सुमारे ३३.५ सेंटिमीटर भरते आणि ३४ इंची रुंद मॉनिटरचीही जवळजवळ तेवढीच. फरक पडतो रुंदीत : एकाची सुमारे ६० सेंटिमीटर, दुसऱ्याची ८०. म्हणजे ३४ इंची रुंद मॉनिटर घेतला की आपल्याला उंच पडदा मिळत नाही, २७ इंचीच्या बाजूला २० सेंटिमीटरची पट्टी जोडून मिळते.

ही पट्टी फोटोच्या कामात फार उपयोगी पडते. कॅमेऱ्याचा फोटो बहुधा ३:२ प्रमाणात असतो. ३४४० गुणिले १४४० ठिपक्यांच्या पडद्यावर आडवा फोटो पूर्ण उंचीत उघडला तर तो २१६० ठिपके रुंद होतो आणि बाजूला १२८० ठिपके मोकळे राहतात. लाइटरूम असो, फोटोशॉप असो की फुकट मिळणारं डार्कटेबल असो, त्यांच्या सगळ्या पट्ट्या त्या मोकळ्या जागेत बसतात. २५६० गुणिले १४४० च्या साध्या पडद्यावर हेच केलं तर ४०० ठिपकेच उरतात, म्हणून फोटो लहान करावा लागतो. उभे फोटो तर रुंद पडद्यावर तीन शेजारी-शेजारी मावतात. नवरीच्या तीन पोजमधली कोणती घ्यायची, हे ठरवताना याचं मोल कळतं.

खेळातही रुंदीचा फायदा आहे. गाडी चालवण्याचे, विमानाचे, मोठ्या नकाशावर फिरण्याचे खेळ डोळ्यांच्या कडेपर्यंत पसरतात. पण सगळे खेळ ही रुंदी वापरत नाहीत. २०२२ साली आलेला एल्डन रिंग घ्या. इतका गाजलेला खेळ, पण तो १६:९ मध्येच चालतो आणि रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात. शिवाय तो सेकंदाला ६० चित्रांच्या पुढे जात नाही. प्लेस्टेशन ५ सुद्धा २१:९ चं चित्र देत नाही. तेव्हा धाकट्या भावाला आधी विचारा, तू नेमके कोणते खेळ खेळतोस आणि कशावर खेळतोस? खेळण्याचं यंत्र प्लेस्टेशन असेल तर रुंद पडद्याचे पैसे खेळाच्या बाजूने वाया जाणार आहेत.

ठिपके : जास्त म्हणजे चांगलं असं नाही

पडद्यावर ठिपके किती, यापेक्षा एका इंचात किती, हे बघायचं. ३४४० गुणिले १४४० ठिपके ३४ इंचांत बसवले तर एका इंचात सुमारे ११० येतात. नेहमीच्या अंतरावरून बघताना अक्षरं आणि फोटो दोन्ही नीट दिसतात. दुकानात मात्र ३४ इंचीच, पण २५६० गुणिले १०८० ठिपक्यांचा स्वस्त मॉनिटरही असतो. त्यात एका इंचात ८२ च्या आसपास ठिपके भरतात. फोटोच्या कामाला हा घेऊ नये. पापण्या, जरीचे धागे, जाळ्याचे दोर यांच्या कडा खडबडीत दिसतात, आणि आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. हेच ठिपके २९ इंचांत असतील तर इंचाला सुमारे ९६ होतात, ते चालून जातं.

उलट बाजूही आहे. प्रत्येक ठिपका ग्राफिक्स कार्डाला रंगवावा लागतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. ३४४० गुणिले १४४० म्हणजे साडेएकोणपन्नास लाख, जवळपास अडीचपट. घरातलं जुनं कार्ड पहिल्या पडद्यावर खेळ सुरळीत चालवत असेल, तर दुसऱ्यावर ते धापा टाकेल. फोटोचं तसं नसतं, फोटो एका जागी थांबलेला असतो. म्हणजे मॉनिटरच्या खर्चाबरोबर ग्राफिक्स कार्डाचा खर्चही मागे उभा आहे का, हे आधी पाहायला हवं.

हर्ट्झ आणि मिलिसेकंद

आता खेळाचा लाडका आकडा. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर चित्राला १६.७ मिलिसेकंद. १०० हर्ट्झला १० मिलिसेकंद, १४४ हर्ट्झला ६.९. बघा, ६० वरून १०० वर गेल्यावर पावणेसात मिलिसेकंद वाचतात, आणि १०० वरून १४४ वर गेल्यावर जेमतेम तीन. म्हणजे पहिली उडी डोळ्याला लगेच जाणवते, पुढची थोडी कमी. एकट्याने, आवडीने खेळणाऱ्याला १०० ते १४४ पुरे. स्पर्धेत उतरणाऱ्याचा हिशेब वेगळा.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्डाचा आणि पडद्याचा ताल जुळणं. भजनात पखवाज एका लयीत आणि टाळ दुसऱ्या लयीत गेले तर काय होतं? पडद्यावर तेच झालं की चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसतं. हा ताल जुळवणाऱ्या सोयीला कुणी फ्रीसिंक म्हणतं, कुणी जी-सिंक. ती मॉनिटरमध्ये असू दे.

केबलही तपासा. एचडीएमआय २.० मधून ३४४० गुणिले १४४० चं चित्र साधारण १०० हर्ट्झपर्यंतच जातं. १४४ हवे असतील तर डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा एचडीएमआय २.१ लागतं. चांगला मॉनिटर आणायचा आणि कपाटातली जुनी केबल लावायची, मग वेग का मिळत नाही म्हणून चिडायचं, हे टाळता येतं.

आणि खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ लिहिलेलं असतं, त्यावर फार भाळू नका. काही वेळा तो आकडा पडद्यामागचा दिवा झपाझप चालू-बंद करून मिळवलेला असतो. तसं केलं की उजेड कमी होतो. प्रत्यक्ष खेळ लावून सावलीतून पळणारी आकृती मागे काळी शेपटी सोडते का, ते बघणं जास्त खरं.

पॅनेल कुठलं? संकासुराची परीक्षा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार भेटतात : आयपीएस, व्हीए आणि ओलेड. टीएन हा चौथा, स्वस्त आणि वेगवान, पण किंचित बाजूने पाहिलं तरी रंग बदलतो, म्हणून फोटोच्या कामातून तो बाद.

आपल्या दशावताराचा एक फोटो डोळ्यांपुढे आणा. रात्रीचा खेळ, देवळासमोर, वरून दिव्याचा झोत. संकासुर अंगभर काळ्या कपड्यात, मागे अंधार. त्या काळ्या कपड्याच्या घड्या वेगळ्या दिसायला हव्यात. आयपीएस पॅनेलचं काळं-पांढरं प्रमाण साधारण हजारास एक असतं. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा रंग थोडा राखाडी दिसतो आणि कोपऱ्यांत फिकट चमक येते. पण घड्या दिसतात आणि बाजूने पाहिलं तरी रंग फारसे हलत नाहीत. व्हीए पॅनेलचं प्रमाण तीन हजारास एकच्या आसपास, म्हणून अंधार खरोखर अंधार वाटतो. भुताखेतांच्या खेळांना हा झकास. पण समोरून बघताना गडद छटा एकमेकींत बुडतात, डोकं जरा हललं की त्या बदलतात, आणि गडद रंग हलताना शेपटी सोडतात. ८० सेंटिमीटर रुंद पडद्याच्या दोन्ही टोकांकडे आपण तिरकेच बघत असतो, त्यामुळे हा दोष रुंद पडद्यात जास्त टोचतो.

ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळा पूर्ण काळा, वेगही उत्तम. मग अडचण काय? फोटोच्या सॉफ्टवेअरची राखाडी चौकट रोज सहा-सहा तास एकाच जागी राहिली तर तिचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका असतो. मोसमात रोज अल्बम करणाऱ्या घराने हा विचार करावा. दोन्ही कामं सारखी असतील तर आमचा कौल आयपीएसला.

वक्र की सपाट?

रुंद मॉनिटर बहुधा वक्र असतात. १५०० आर, १८०० आर असं लिहिलेलं असतं, तो त्या वर्तुळाच्या त्रिज्येचा मिलिमीटरमधला आकडा. आकडा जितका लहान, तितका बाक जास्त. खेळताना बाक बरा वाटतो, कारण दोन्ही टोकं डोळ्यांपासून जवळपास सारख्या अंतरावर येतात. पण फोटोत क्षितिज सरळ आहे का, सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट तिरका झालाय का, हे ठरवताना बाक फसवतो. समुद्राचं क्षितिज आपल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत असतं! म्हणून वक्र घ्यायचाच तर कमी बाकाचा घ्या आणि क्षितिज डोळ्याने नव्हे, सॉफ्टवेअरमधल्या जाळीच्या रेघेने तपासा.

रंग : इथे घामाचे पैसे अडकलेले असतात

मंडळी, हा भाग जरा नीट ऐका. फोटोवाल्याचं खरं नुकसान इथे होतं. अल्बम छापून येतो आणि काळपट निघतो. गिऱ्हाईक नाराज, पुन्हा छपाई, पदरचे पैसे. दोष छापखान्याला दिला जातो, पण पुष्कळदा कारण घरच्या पडद्याच्या उजेडात असतं. नवीन मॉनिटर दुकानात चमकावा म्हणून २५०-३०० निट किंवा त्याहून जास्त उजेडावर लावलेला असतो. इतक्या उजेडात फोटो पाहिला की तो भगभगीत वाटतो, मग आपण तो गडद करतो. कागद स्वतः उजळत नाही, तो फक्त समोरचा उजेड परत देतो, म्हणून छापलेला फोटो आणखी गडद दिसतो. छपाईच्या कामासाठी पडदा साधारण ८० ते १२० निटवर ठेवावा. याला एक पैसाही लागत नाही.

मग रंगांचा आवाका. एसआरजीबी हे १९९६ मध्ये पुढे आलेलं माप आजही इंटरनेटची आणि बहुतेक छपाईवाल्यांची समान भाषा आहे. तेव्हा मॉनिटर एसआरजीबीचे ९९ टक्क्यांच्या आसपास रंग दाखवणारा हवा. काही ठिकाणी ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं आढळतं. एनटीएससी हे १९५३ चं टीव्हीचं माप. त्यातले ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. ४५ टक्के म्हणजे त्याच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमीच आवाका. त्यावर कुंकवाचा लाल विटकरी दिसतो. असा मॉनिटर फोटोसाठी घेऊ नये.

याहून मोठे आवाके म्हणजे डीसीआय-पी३ आणि ॲडोबी आरजीबी. पहिला लालच्या बाजूने जास्त पसरतो, दुसरा हिरव्या-निळ्याच्या बाजूने. आपल्या समुद्राचा गडद हिरवट निळा एसआरजीबीच्या बाहेर जाऊ शकतो, तेव्हा मोठा आवाका कामाचा. पण तो ताब्यात ठेवायला हवा. ताबा नसेल तर साधा फोटोही भडक दिसतो, आपण रंग उतरवतो आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चेहरे फिकट पडतात. म्हणून मॉनिटरमध्ये एसआरजीबीची वेगळी सोय आहे का, आणि ती लावल्यावर उजेड कमी-जास्त करता येतो का, हे दोन्ही विचारा. काही मॉनिटरांत ती सोय लावली की उजेडाचं बटण चालेनासं होतं.

पाण्याखालच्या फोटोंबद्दल एक सांगायलाच हवं. पाणी सगळ्यात आधी लाल रंग शोषतं. पाच-सहा मीटर खाली लाल फार थोडा उरतो. कॅमेऱ्याने जो टिपलाच नाही तो रंग कितीही महाग मॉनिटर परत आणू शकत नाही. चांगला मॉनिटर एवढंच करतो : लाल ओढताना फोटोत दाणे कुठे उठू लागले ते खरंखरं दाखवतो, म्हणजे कुठे थांबायचं ते कळतं.

शेवटी कॅलिब्रेशन. पडद्यावर ठेवून रंग मोजणारं एक छोटं उपकरण मिळतं. पडदा अर्धा तास तापू द्यायचा, मग मोजायचं. पांढऱ्याचं माप ६५०० केल्विन, गॅमा २.२. हे काम महिन्या-दोन महिन्यांतून एकदा लागतं, म्हणून चार स्टुडिओंनी मिळून एक उपकरण घेतलं तरी भागतं. रापण सगळ्यांनी मिळून ओढायची पद्धत आपल्या किनाऱ्याला नवीन नाही. आणि मॉनिटरमध्ये दोन वेगळ्या नोंदी करून ठेवा, एक फोटोची, एक खेळाची. भावाने खेळून झाल्यावर एक बटण दाबलं की बहिणीचा पडदा परत मिळाला पाहिजे.

‘एचडीआर ४००’ अशी चिठ्ठी दिसली तर तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. त्या पायरीवर पडद्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करण्याची सक्ती नाही, त्यामुळे खरा परिणाम फारसा दिसत नाही.

किनाऱ्यावरचं घर

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात नसतात अशा गोष्टी आता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. वादळ रोज येत नाही, पण पावसाळ्यात वीज जाणं-येणं आणि दाब वर-खाली होणं रोजचंच. मॉनिटरच्या खर्चातच यूपीएस धरा. ३४ इंची मॉनिटर एकटा फार वीज खात नाही, पण खेळताना संगणक आणि ग्राफिक्स कार्ड मिळून कित्येक पटींनी जास्त खेचतात. तेव्हा यूपीएस सगळ्यांची बेरीज करून घ्या. गडगडायला लागलं की मात्र प्लग काढा, त्याला पर्याय नाही.

जांभ्या दगडाची भिंत पावसात ओल धरते. तिच्यावर मॉनिटर टांगण्यापेक्षा टेबलावर हात लावून बसवलेला बरा, मागे हवा खेळती राहते. टेबल निदान ६५-७० सेंटिमीटर खोल हवं, नाहीतर ८० सेंटिमीटरचा पडदा नाकाशी येतो. खिडकी बाजूला असावी, समोर किंवा पाठीमागे नको. खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर काचेवर बसतो. तो कोरड्या फडक्याने घासला तर ओरखडे पडतात. आधी धूळ फुंकून काढायची, मग डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओल्या केलेल्या मऊ फडक्याने हलके पुसायचं.

दुरुस्तीचं काय? मालवणात रेल्वे नाही, मोठी सेवा केंद्रं कोल्हापूर किंवा गोव्याकडे. ८० सेंटिमीटरची काच घाटातून नेणं-आणणं जोखमीचं. म्हणून घेण्यापूर्वी कंपनीला आपला पिनकोड सांगून विचारा, माणूस घरी येतो का? मेलेले ठिपके किती असले तर बदलून देता? आणि मूळ खोका माळ्यावर जपून ठेवा.

कराबद्दल एक. २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के जीएसटी होता. त्यामुळे जुन्या सल्ल्यांत ‘३२ च्या आत राहा’ असं सापडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरवरही १८ टक्केच आहे. ती अडचण आता गेली.

मग घ्यायचा कुठला?

इथे कुणीतरी म्हणणारच, “ता सगळा खरा, पण घेवचो खंयचो?” तर ऐका.

कमाई मुख्यतः अल्बमची असेल, तर रुंदीचा मोह सोडा. २७ इंची, सपाट, आयपीएस, १४४० किंवा ४के, रंग नीट असलेला साधा १६:९ मॉनिटर घ्या आणि उरलेल्या पैशात यूपीएस व रंगमापक. खेळ त्यावरही होतो.

दोन्ही कामं खरोखर निम्मी-निम्मी असतील आणि ग्राफिक्स कार्ड दमदार असेल, तर ३४ इंची, ३४४० गुणिले १४४०, आयपीएस, कमी बाकाचा, १०० ते १४४ हर्ट्झ, एसआरजीबी ९९ टक्के. हा रुंद मॉनिटर दोघांनाही न्याय देतो.

कार्ड जुनं असेल आणि पैसे बेताचे असतील, तर २९ इंची २५६० गुणिले १०८०. मोठ्या पडद्याचा हट्ट दोन-तीन मोसमांनी पुरवता येईल.

दोघांचं पटत नसेल तर नियम एकच : जे काम घरात पैसे आणतं त्याच्या बाजूने रंग, पॅनेल आणि ठिपके ठरवा. खेळासाठी हर्ट्झ मग बघा. वेग थोडा कमी असला तर खेळातली गंमत थोडी कमी होते. रंग चुकला तर छापून आलेला अल्बम परत घ्यावा लागतो.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आपलेच पाच फोटो न्या : रात्रीच्या दशावताराचा एक, मावळतीच्या आभाळाचा एक, पाण्याखालचा एक, नवरीच्या चेहऱ्याचा एक आणि ज्याचा छापील कागद हातात आहे असा एक. काळ्यातल्या घड्या दिसतात का, आभाळात पट्टे उमटतात का, चेहऱ्याचा रंग माणसाचा वाटतो का, बाजूला सरकलं की काय बदलतं, हे बघा. उजेड कमी करून कागद शेजारी धरा. एवढ्याला दहा मिनिटं लागतात. दुकानदार घाई करू लागला तर दुसरं दुकान गाठा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.